सहा मीटरची दोरी: नाशिक जिल्ह्यातल्या नेत्रसेवेच्या एका गटाची वाटचाल

प्रश्न असा आला आहे: ‘कळवण तालुक्यात आमचा पंधरा-वीस तरुणांचा गट आहे. गणेशोत्सवात नेत्रतपासणी शिबिर घेतलं, गर्दी चांगली झाली. पण ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांतले बरेच जण ऑपरेशनला गेलेच नाहीत. मॅडम, नाशिकमध्ये हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या गटांची सुरुवात कशी झाली? ते टिकले कसे? आणि आम्ही कुठून सुरुवात करावी?’

‘मोतीबिंदू निघाला, पण गेलेच नाहीत.’ हे वाक्य वाचून मला आमच्या जुन्या बैठका आठवल्या. पंचवटीत एका सभासदाच्या ओसरीवर आम्ही बसायचो आणि दर वेळी गाडी याच वाक्यावर येऊन अडायची. मी जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. रविवारी या गटाबरोबर फिरायचे, निवृत्त झाल्यापासून पूर्ण वेळ तेच करते. गटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाशिकमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची वाट साधारण अशीच गेली आहे.

अगदी सुरुवातीचा काळ मी स्वतः पाहिलेला नाही, गटातल्या ज्येष्ठांकडून ऐकला आहे. तेव्हा शिबिर म्हणजे खरोखरच छावणी असायची. शाळेला सुट्टी लागली की वर्गातली बाकं बाहेर काढायची, भिंतींना चुना मारायचा, फरशी धुऊन घ्यायची आणि टेबलं जोडून तिथेच ऑपरेशनं करायची. कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी गावोगाव फिरून एका दिवसात शेकडो ऑपरेशनं करत. त्यांच्या कामाचा बोलबाला आपल्याकडेही होता आणि त्या धर्तीवर ठिकठिकाणी शिबिरं व्हायची. खर्चाला लायन्स, रोटरीसारखे क्लब, गावातले व्यापारी, मंदिरांचे विश्वस्त उभे राहत. लायन्सचं डोळ्यांशी नातं जुनं आहे. १९२५ साली हेलन केलर यांनी अमेरिकेतल्या त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून त्यांनी हे काम धरून ठेवलं आहे.

त्या काळी मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग, ते अख्खं काढून टाकत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. रोग्याला दिवसचे दिवस उताणं झोपवून ठेवायचं. मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. चावायला लागू नये म्हणून मऊ भात, शिरा, पेज. त्यामुळे स्वयंसेवकाचं काम ठरलेलं होतं: स्वयंपाक करायचा, भरवायचं, धरून लघवीला न्यायचं, रात्री जागायचं. आमच्यातल्या एका काकूंनी अशा कितीतरी शिबिरांत भाताची पातेली उतरवली आहेत. त्या सांगायच्या, ‘पट्टी असलेल्या माणसाला घास भरवण्याआधी तोंडाने सांगायचं, घास येतोय. नाहीतर तो दचकतो, आणि दचकला की मान हलते.’ हे मी पुढे नोकरीतही पाळलं.

मग मिळायचा तो जाड भिंगाचा चष्मा, दहाच्या आसपास नंबरचा. त्यातून वस्तू पावपट मोठी दिसते आणि कडेचं काही दिसत नाही. माणूस घाटाच्या पायऱ्या उतरताना पाय भलतीकडे टाकायचा. पेल्यात पाणी ओतायला गेला की धार पेल्याबाहेर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा चांगला असेल तर दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळायचीच नाहीत. आणि तो चष्मा फुटला किंवा बैलगाडीतून पडला, की माणूस पुन्हा चाचपडायला लागायचा. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर मी अशी माणसं पाहिली आहेत. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘ऑपरेशन यशस्वी’ लिहिलेलं होतं.

हे चित्र पालटलं ते डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगामुळे. लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये पहिलं भिंग बसवलं. युद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि तरीही डोळ्याने ते सहन केले होते. त्यावरून त्यांना हे सुचलं. आपल्याकडे गरिबाच्या डोळ्यापर्यंत ते पोहोचायला चाळीसेक वर्षं गेली. परदेशी भिंग परवडणारं नव्हतं. १९९२ मध्ये मदुराईला अरविंद रुग्णालयाच्या मंडळींनी ऑरोलॅब सुरू करून ते स्वस्तात बनवलं आणि शिबिरातल्या रोग्यालाही भिंग बसवणं शक्य झालं. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून होताच. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत चालला, त्यात महाराष्ट्र होता. डॉक्टरांना भिंग बसवण्याचं प्रशिक्षण मिळालं, सरकारी रुग्णालयांत डोळ्यांची ऑपरेशन थिएटरं उभी राहिली. हळूहळू शाळेतली ऑपरेशनं बंद झाली. तपासणी गावात आणि ऑपरेशन रुग्णालयात, अशी पद्धत रुळली. जंतुसंसर्गाचा विचार केला तर ती यायलाच हवी होती.

पण आमच्या गटाची त्यामुळे पंचाईत झाली. रोगी आज ऑपरेशन करून उद्या घरी जायला लागला. भाताची पातेली नकोत, रात्रीची जागरणं नकोत. सगळं रुग्णालय करतं, तर स्वयंसेवकाने करायचं काय? दोन-तीन वर्षं गट नुसता नावाला उरला होता. फलक लावायचा, तपासणीला डॉक्टर आणायचे, फोटो काढायचे. मोतीबिंदू निघालेल्यांना चिठ्ठी द्यायची आणि अमुक तारखेला नाशिकला या म्हणून सांगायचं. त्या तारखेला चिठ्ठीवाल्यांतले मोजकेच उतरायचे. तुम्ही आज नेमके तिथेच उभे आहात.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, चिठ्ठी दिलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊ आणि का आला नाहीत ते विचारू. सुरगाणा, पेठ, हरसूल, त्र्यंबक या भागात आम्ही ती यादी घेऊन हिंडलो. ऑपरेशनला घाबरतो असं सांगणारे होते, पण वाटलं होतं त्याहून कमी. बरेच जण म्हणाले, सोबत यायला कुणी नाही. काही म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही. पिकेपर्यंत थांबायची गोष्ट जुन्या ऑपरेशनच्या काळातली आहे, आज तिचं काहीच कारण उरलेलं नाही. उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. काहींना थंडीतच ऑपरेशन करायचं होतं, कारण उन्हाळ्यात जखम चिघळते असं बापजाद्यांनी सांगितलेलं. आणि थंडीत तर हे लोक घरी नसतातच! दिवाळी झाली, भात झोडून झाला, की पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात. घरी उरतात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. पोरांना सांभाळणारी ती म्हातारीच, मग तिने कुणाबरोबर आणि कसं जायचं?

या एका फेरीने आमचं वेळापत्रक बदललं. तोपर्यंत शिबिर कधी घ्यायचं हे पाहुण्यांच्या सोयीने ठरायचं, आता शेताच्या सोयीने ठरायला लागलं. भाताची आवणी आटोपल्यावर, श्रावणापासून कापणी सुरू होईपर्यंत, पश्चिमेकडे बरी फट मिळते. तुमच्या कळवणचं गणित निराळं आहे. पूर्वेकडच्या गावांत उन्हाळ कांद्याच्या लागवडीत आणि काढणीत कुणी डोळ्यांकडे बघणार नाही, चैत्रात सप्तशृंगी गडावर यात्रा असते. तुमच्या भागाची फट तुम्हीच शोधा. गणेशोत्सवात मंडप असतो, माईक असतो, म्हणून शिबिर सोयीचं वाटतं. पण ऑपरेशनची तारीख पुढे पितृपक्षात पडते आणि काही घरांत तेवढ्यावरूनच ‘नको’ येतं. हे आम्ही अनुभवलं आहे.

आता दोरीबद्दल. आमच्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या पिशवीत सहा मीटर लांबीची एक दोरी असते. तिच्या बरोबर मध्यावर, तीन मीटरवर, लाल चिंधीची गाठ. ही दोरी आणि एक टॉर्च, एवढ्यावर आम्ही घरोघरी पन्नाशीच्या पुढच्या माणसांची पहिली चाळणी करतो. माणसाला ओसरीत सावलीला बसवायचं आणि आपण उजेडात सहा मीटरवर उभं राहायचं. एक डोळा तळव्याने झाकायला सांगायचा. बोटांनी नको, बोटांच्या फटीतून दिसतं आणि बुबुळ दाबलंही जातं. चष्मा असेल तर तो घालूनच तपासायचं. मग ‘किती बोटं?’ विचारायचं. सहा मीटरवरून मोजता आली नाहीत तर लाल गाठीपर्यंत यायचं. दुसरा डोळा निराळा तपासायचा, कारण एक डोळा गेलेला माणूस दुसऱ्यावर इतकं सहज निभावतो की त्याचं त्यालाही कळलेलं नसतं. ज्यांना बोटं नीट मोजता येतात त्यांना इंग्रजी ‘ई’ (E) अक्षराचं कार्ड दाखवायचं. ई म्हटलं की निरक्षर माणूस बावरतो, म्हणून आम्ही विचारतो, ‘कंगव्याचे दात कुणीकडे?’

दोरीवरच्या या दोन अंतरांत, सहा आणि तीन मीटरमध्ये, देशाच्या आकडेवारीची एक गोष्ट दडलेली आहे. पूर्वी आपल्याकडे, चांगल्या डोळ्याची नजर ६/६० पेक्षा कमी, म्हणजे ढोबळमानाने सहा मीटरवरून बोटं मोजता येत नाहीत, तो अंध अशी व्याख्या होती. २०१७ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून ३/६० केली, म्हणजे गाठ तीन मीटरवर आली. १९८६ ते ८९ च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचं प्रमाण १.४९ टक्के होतं, २०१५ ते १९ च्या पाहणीत ०.३६ टक्के. घट खरी आहे आणि मोठी आहे, त्यात हजारो हातांची मेहनत आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवताना गाठ सरकली आहे हे विसरू नका. ज्या आजोबांना साडेचार मीटरवरची बोटं दिसत नाहीत, पण तीन मीटरवरची दिसतात, ते नव्या व्याख्येत अंध नाहीत. शेताच्या बांधावरून एकटं चालणं त्यांना आजही जमत नाही. म्हणून आम्ही दोन्ही अंतरं ठेवली. त्याच पाहणीप्रमाणे पन्नाशीपुढच्या अंधत्वात अजूनही दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा आहे, म्हणजे ऑपरेशनने परत येऊ शकणाऱ्या नजरेचा.

टॉर्चचं थोडं सांगते, कारण नवे स्वयंसेवक इथेच चुकतात. समोरून टॉर्च मारला की पांढरं दिसतं आणि लगेच ‘मोतीबिंदू’ लिहिलं जातं. टॉर्च कानशिलाच्या बाजूने तिरका धरा. पांढरं वरच्या काचेसारख्या भागावर असेल तर ते फूल, जुन्या जखमेचा व्रण. ते आत, बाहुलीच्या मागे असेल तर मोतीबिंदू. नाकाच्या बाजूने मांसाचा त्रिकोणी पडदा बुबुळावर चढला असेल तर ते वडस. आणि नाकाजवळचा कोपरा हलक्या बोटाने दाबून बघा. तिथून पू किंवा चिकट पाणी आलं तर अश्रूंच्या पिशवीत संसर्ग आहे. त्याचा बंदोबस्त होईपर्यंत मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येत नाही. हे गावातच कळलं तर माणसाची नाशिकची एक खेप वाचते, आणि खेप फुकट गेलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा येत नाही. साखर आणि रक्तदाब गावातच तपासून घ्या, तेही याच कारणासाठी.

आमच्या हातून झालेली एक चूक सांगते. एका आजोबांना आम्ही ऑपरेशनला नेलं. ऑपरेशन चांगलं झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, त्यांना छान दिसलं, आम्ही त्यांना घरी सोडून आलो. तिसऱ्या दिवशी डोळा ठणकायला लागला. घरच्यांना वाटलं, ऑपरेशन झालंय, दुखणारच. सून थेंब घालत राहिली. पाचव्या दिवशी कुणीतरी फोन केला तेव्हा डोळ्यात पू भरलेला होता. तो डोळा गेला. असा संसर्ग क्वचित होतो, पण झालाच तर हातात तास असतात, दिवस नसतात. रुग्णालयाने कागद दिला होता, त्यावर सगळं छापलेलं होतं. त्या घरात वाचणारं कुणी नव्हतं, आणि आम्ही तो वाचून दाखवला नव्हता. त्या आजोबांच्या ओसरीवर मी पुढे कितीतरी वेळा गेले. त्यांनी एकदाही आम्हाला दोष दिला नाही. त्यामुळे तर ते जास्तच लागतं.

तेव्हापासून आमच्यात ‘सोबती’ ठरतो. प्रत्येक रोग्यामागे एक स्वयंसेवक. तो घरून घेऊन जातो, घरी आणून सोडतो, आणि घरातल्या निदान दोघांकडून तीन गोष्टी तोंडाने म्हणवून घेतो: दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी फोन, रात्र असली तरी. तिसऱ्या दिवशी सोबती घरी जाऊन येतो. थेंबाची बाटली हातात घेऊन हलवून बघतो. भरलेली असेल तर थेंब पडलेच नाहीत. मग आठवड्याने तपासणी, आणि चष्म्याच्या नंबरासाठी पुन्हा महिना-दीड महिन्याने. ज्याला पाच सोबती आहेत त्याने एका वेळी पाचच रोगी न्यावेत, असा आमचा नियम आहे. त्यामुळे आमची संख्या इतरांच्या मानाने कमी दिसते. देणगीदार विचारतात, यंदा किती? मी त्यांना वही दाखवते. ऑपरेशनच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना आहे: ‘दीड महिन्याने किती दिसलं’. तो भरलेला नसेल तर आधीचा रकाना आम्ही मोजत नाही.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची आजी त्या रकान्यामुळेच आमच्या ध्यानात आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेळ्या कोण बघणार म्हणून ती दोन वर्षं नको म्हणत होती. शेवटी शेजारच्या सुनेने शेळ्या सांभाळल्या, आमची एक मुलगी तिच्यासोबत राहिली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिन्याने मी गेले तर दोरीवर सगळं व्यवस्थित, सहा मीटरवरून बोटं मोजली, कंगव्याचे दातही सांगितले. मी खूश होऊन वहीत लिहायला लागले. आजी मात्र गप्प होती. सूप पुढे ओढून तिने नागली पसरली, दोन बोटांनी खडा शोधायला लागली आणि म्हणाली, ‘बाई, डोंगर दिसतो, पण खडा दिसत नाही.’

भिंग बसवल्यावर लांबचं स्वच्छ दिसतं, जवळच्या बारीक कामाला बहुधा चष्मा लागतोच. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘वाचता येतं का?’ तिथे ‘नाही’ लिहिलेलं होतं, म्हणून तिला जवळचा चष्मा दिलाच गेला नव्हता. त्या पाड्यावर वाचायला येणारं माणूस विरळा. पण नागली निवडणं, गोधडी शिवणं, पोराच्या पायातला काटा काढणं, भाकरीला लागलेली राख बघणं, हे सगळं जवळचंच काम. तो प्रश्न आम्ही खोडून टाकला. आता पिशवीत दोन, अडीच आणि तीन नंबरचे जवळचे चष्मे असतात आणि चष्मा तपासताना आम्ही पुस्तक देत नाही, मूठभर धान्य देतो. तुम्हीही एवढं कराच, खर्च फार नाही. आजीचा दुसरा डोळा पुढच्या वर्षी झाला, त्या वेळी बोलवायला जावं लागलं नाही.

बायकांबद्दल एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या यादीत पुरुष आधी येतात, कारण त्यांचं दिसेनासं झालं की घरात लगेच कळतं. बाई सवयीने चूल, पाणी, गोठा करत राहते आणि तिचं दिसणं गेलंय हे घराला उशिरा समजतं. म्हणून घरोघर फिरताना ‘कुणाला दिसत नाही का?’ असं विचारू नका. घरातली सगळ्यांत वयस्कर बाई कोण, तिला बोलवा आणि दोरी धरा. आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना, सोबत घ्या, कुठल्या घरात कोण मागे बसलेलं असतं हे त्यांना ठाऊक असतं.

नेत्रदानाचं काम आमच्याकडे पुढे जोडलं गेलं. मद्रासला १९४५ मध्ये देशातली पहिली नेत्रपेढी निघाली. आपल्याकडे मुंबई राज्याने १९५७ मध्ये यासाठी कायदा केला, पुढे १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला. दर वर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो आणि आम्हीही त्यात उत्साहाने संकल्पपत्रं भरून घ्यायचो, गठ्ठेच्या गठ्ठे. मग लक्षात आलं की पत्र भरणारा गेल्यावर फोन करायचा असतो घरच्यांनी, आणि त्यांना पत्राचा पत्ताच नसतो. संमतीही त्यांनीच द्यायची असते. म्हणून आता पत्र एकट्याकडून भरून घेत नाही, घरी जाऊन मुला-सुनेसमोर भरतो.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. फोन आला की आमचा माणूस आधी फोनवरच सांगतो: पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा, एसी असेल तर चालू ठेवा. पंखा बंद करा हे दोनदा सांगावं लागतं. घरात माणसं जमलेली असतात, उकडत असतं आणि कुणीतरी पुन्हा लावतं. नेत्रपेढीचं पथक येऊन अर्ध्या तासाच्या आत काम संपवतं. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेल्याचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याचे, मधुमेह असलेल्याचेही डोळे घेतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा आजारांत प्रत्यारोपणासाठी घेत नाहीत. आणि एक गोष्ट लोकांना स्पष्ट सांगा, नेत्रदानाने फक्त बुबुळाचं अंधत्व जातं. पडदा किंवा नस गेली असेल तर नाही. ज्यांची नजर कशानेही परत येणार नाही त्यांना तिथेच सोडून आपण पुढच्या घरी जायचं नाही. नाशिकला सातपूरमध्ये ‘नॅब’चं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या अंधांसाठीच्या संस्थेचं, काम आहे. पांढरी काठी, ब्रेल, रोजगार यासाठी आम्ही अशा माणसांना तिकडे पोहोचवतो.

सगळंच जमलं असं नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेत आम्ही काही वर्षं तपासणीचं टेबल लावलं. वारकऱ्यांची दाटी व्हायची, आम्हालाही धन्य वाटायचं. पण दिंड्या लांबलांबच्या जिल्ह्यांतून आलेल्या. मोतीबिंदू निघालेल्या माणसाच्या घरी तिसऱ्या दिवशी कोण जाणार? ते टेबल आम्ही बंद केलं. आता यात्रेत जवळचे चष्मे देतो आणि ज्याला मोतीबिंदू आहे त्याला त्याच्याच तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाचं नाव लिहून देतो. गटातल्या काहींना हे पटलं नाही, दोघे सोडूनही गेले. मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो.

शाळांचं काम वेगळ्या लेखाचा विषय आहे. तूर्त इतकंच की आळशी डोळा, म्हणजे लहानपणी नीट वापरला न गेल्याने नजर कमी राहिलेला डोळा, सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर उपचाराला चांगला गुण येतो, म्हणून पहिली-दुसरीची मुलं आधी. चष्मा दिल्यावर महिन्याने पुन्हा वर्गात जा. बरेच चष्मे दप्तरात सापडतील, मुलींचे जास्त.

शेतातल्या इजांकडे मात्र तुम्ही पहिल्या वर्षापासून लक्ष द्या, मी त्यासाठी आग्रह धरते. द्राक्षाच्या छाटणीत काडी लागते, भाताचं पातं लागतं, कांद्याचं पाचट उडतं. जखम बारीक असते, पण झाडपाल्याच्या जखमेतून बुरशी शिरते आणि बुबुळावर व्रण वाढत जातो. त्या वेळी माणूस मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणतो. त्यात स्टिरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. तेच झाडपाल्याच्या रसाचं, रुईच्या चिकाचं, मधाचं. आम्ही दिंडोरीकडे मुकादमांना भेटलो, मेडिकलवाल्यांना भेटलो आणि एवढंच मागितलं: काडी लागलेल्याला थेंब विकू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काडीच्या टोकाने डोळ्यातला लोखंडाचा कण काढून देणारे ‘तज्ज्ञ’ कामगार असायचे. त्यांनाच आम्ही बोलावून घेतलं, आणि आज त्यांच्यातलेच काही जण जोडीदाराला थेट दवाखान्यात घेऊन जातात. गॉगल घाला म्हणून सांगून फार फरक पडला नाही. गॉगलवर घाम धरतो ही त्यांची तक्रार खरी आहे.

मधुमेह आणि काचबिंदूचं काम आता वाढतंय. यात दोरी उपयोगी पडत नाही, कारण दोन्हींत नजर शेवटपर्यंत चांगली राहू शकते. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. ज्याच्या घरात कुणाला काचबिंदू आहे त्याच्या सख्ख्या भावंडांनी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यायची, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

आता तुमचं. शिबिर तूर्त घेऊ नका. गणेशोत्सवातली यादी असेलच, ती घेऊन घरोघर जा आणि का गेला नाहीत ते विचारा, मध्ये न बोलता ऐका. तुमच्या तालुक्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला भेटा आणि महिन्यातून कुठल्या दिवशी किती रोगी आणले तर चालतील ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. पहिल्या खेपेला पाच माणसं न्या. तपासणीच्या जागी चष्मे विकणाऱ्याला बसू देऊ नका, कितीही देणगी दिली तरी. तो बसला की नंबर नसलेल्यालाही नंबर निघतो आणि गावाचा विश्वास जातो.

दोरी सुती घ्या, नायलॉनची ताणली की लांबते. तुमची पाच माणसं दीड महिन्याच्या तपासणीला येतील त्या दिवशी मला कळवा, मी कळवणला येते. येताना धान्य आणि जवळचे चष्मे घेऊन येईन.